वॉटर पंप घरी बदलता येतो, पण आधीचा कशानं गेला ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी एक लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी दर आठवड्याला बोटभर उतरते, बेल्टच्या बाजूला इंजिनाखाली ओलं दिसतं आणि गाडी सुरू केली की त्याच बाजूनं घरघर येते. मेकॅनिकनं वॉटर पंप गेल्याचं सांगितलंय. पान्यांचा बरा सेट आहे, जॅक आहे, दोन दिवस मोकळे आहेत. घरी जमेल का?

जमेल. बऱ्याच गाड्यांत पंप म्हणजे पाच-सात बोल्टांवर बसलेला एक तुकडा असतो. जुना काढायचा, नवा लावायचा. यात कौशल्य कमी आणि धीर जास्त लागतो. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेले पंप पाहिले, तर त्यांतले फार थोडे मुळात खराब निघाले. एक लाखावर गेलेला पंप वयानं गेला असं म्हणता येईल. नवा बसवलेला पंप सहा महिन्यांत गळायला लागला, तर मात्र त्याला कोणीतरी मारलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बसवणाऱ्यानंच. म्हणून आधी पंप आतून कसा असतो ते सांगतो. ते डोक्यात बसलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

एक दांडा असतो. त्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारा पंखा, म्हणजे इम्पेलर. मधे बेअरिंग आणि बेअरिंग व पाणी यांच्यामधे सील. हे सील म्हणजे साधा रबरी वायसर नव्हे. दोन अतिशय गुळगुळीत चकत्या एकमेकींवर स्प्रिंगनं दाबलेल्या असतात. एक स्थिर राहते, दुसरी दांड्याबरोबर फिरते. त्यांच्यामधे कूलंटचा अगदी पातळ थर असतो आणि तेच त्यांचं वंगण. म्हणजे जे पाणी अडवायचं, त्याच पाण्यावर सील जगतं. पाणी नसेल तर चकत्या कोरड्या घासतात आणि काही सेकंदांत तापतात. पाण्यात गंज, क्षार किंवा जुन्या सीलंटचे (सांधा बंद करणाऱ्या लेपाचे) कण असतील तर चकत्यांवर चरे पडतात.

सील आणि बेअरिंग यांच्यामधे थोडी मोकळी जागा असते आणि तिथून खाली एक बारीक भोक काढलेलं असतं. त्याला वीप होल म्हणतात. सीलमधून सुटलेलं पाणी बेअरिंगमधे शिरून ग्रीस धुऊन टाकण्याआधी इथून बाहेर पडावं, एवढंच त्याचं काम. म्हणजे ते भोक गळणं ही सूचना आहे. एकदा माझ्याकडे हे भोक एपॉक्सीनं बुजवलेला पंप आला होता. गळती थांबली म्हणून मालक खूश होता. पुढे पाण्यानं बेअरिंग खाल्लं, पुली तिरकी झाली, बेल्ट तुटला आणि गाडी रस्त्यात उभी राहिली.

आता तुमची लक्षणं. ओलं, घरघर आणि पातळी उतरणं, तिन्ही एकत्र असतील तर संशय पंपावरच जातो. तरीही पाना हातात घेण्याआधी एक तास तपासणीला द्या. रेडिएटरच्या वरच्या होजची (रबरी नळीची) क्लिप ढिली असली तरी पाणी ओघळत खाली पंपाच्या अंगावर येतं. रेडिएटरचा पंखा ते थेंब कुठल्या कुठे उडवतो. थंड इंजिनावर तो भाग धुऊन कोरडा करा, मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वीप होल शोधा. तिथून खाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला तर पुरावा मिळाला. कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर कोणाकडून मिळाला तर उत्तम. कूलंटच्या झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच द्या आणि पंधरा मिनिटं बघत बसा. थंड इंजिनात दाब दिला की पाणी वाफ होऊन पळत नाही, नेमकं कुठून येतंय ते दिसतं.

आवाजासाठी बाहेरचा बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हातानं फिरवा. चांगली पुली लोण्यासारखी फिरते. गेलेल्या बेअरिंगची पुली वाळू भरल्यासारखी फिरते, आणि वर-खाली हलवली की ठक्क असं जाणवतं. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि आयडलर पुलीही (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) याच वेळी तपासा. घरघर त्यांची निघाली आणि पंप बदलून झाल्यावर कळलं, तर स्वतःचाच राग येतो.

गाडी तापते पण कुठेही गळत नाही, असं असेल तर वेगळा विचार करा. गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते, तर आधी पंखा बघा. वरचा होज कढत आणि खालचा थंडगार राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, उघडत नसेल. पाणी आटतंय, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे उठतायत, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गळती रोखणाऱ्या पातळ थराकडे, लक्ष द्या. तिथे पंप बदलून काही होणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: न गळताही पंप निकामी होतो. काही पंपांत इम्पेलर प्लास्टिकचा असतो. तो दांड्यावर सैल झाला की दांडा फिरतो आणि इम्पेलर जागच्या जागी राहतो. बाहेरून सगळं कोरडं आणि ठणठणीत दिसतं.

आता घरी करायचं की नाही, हे पंप कशावर फिरतो त्यावर ठरतं. अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेधडक करा. टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ साधणाऱ्या बेल्टवर) असेल तर तेच काम चौपट मोठं आणि दहापट जोखमीचं, त्यावर पुढे बोलतो. इंजिनाच्या आत टायमिंग चेनवर फिरणारा पंप असेल तर सरळ सोडून द्या. त्यातली गळती इंजिन ऑइलमधे उतरू शकते आणि काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. विजेवर चालणारा पंप काढायला सहसा सोपा, पण हवा काढण्यासाठी बऱ्याचदा स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो. हायब्रिड गाडीत उच्च दाबाच्या केशरी वायरींना हात लावू नका.

समजा तुमचा पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाबाखालचं पाणी एकदम उकळून अंगावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण विजेचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही आपोआप सुरू होतो. गाडी उचलायची असेल तर स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही.

पंपाच्या पुलीचे बोल्ट बेल्ट लावलेला असतानाच थोडे सैल करा. बेल्ट पुलीला धरून ठेवतो. आधी बेल्ट काढला तर पुली गरगर फिरत राहते आणि तुम्ही तिला स्क्रूड्रायव्हर अडकवायला जागा शोधत बसता. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो त्याचा फोटो काढा. संध्याकाळी आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

कूलंट पसरट भांड्यात सोडा. रेडिएटरची प्लास्टिकची तोटी जुनी असेल तर तिच्याशी झोंबू नका, मोडेल. त्यापेक्षा खालचा होज सोडा. पंप सुटताना इंजिनात उरलेलं आणखी लीटरभर पाणी भसकन येतं, म्हणून अल्टरनेटरवर आधीच प्लास्टिक गुंडाळा. हे पाणी उघड्यावर ठेवू नका. त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतो. कुत्री-मांजरं तो चाटतात आणि थोड्याशानंही दगावतात. गटारात किंवा मातीत ओतू नका, जुनं ऑइल जिथे गोळा होतं तिथे द्या.

पंपाचे बोल्ट एका लांबीचे क्वचितच असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा, भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो. तुम्हाला तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, पंप मात्र दाबला गेलेलाच नसतो. जोर वाढवला तर आटे जातात.

एखादा बोल्ट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून ताकद दाखवू नका. ॲल्युमिनियममधे पोलादी बोल्ट वर्षानुवर्षं पाण्याजवळ राहिला की दोन्ही धातू गंजून एकजीव होतात. गंज सोडवणारं तेल मारा, अर्धा तास थांबा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं दोन-तीन टोले द्या, मग किंचित घट्ट आणि किंचित सैल असं करत सोडवा. सहा मिलिमीटरचा बोल्ट आत तुटला तर दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

बोल्ट निघूनही पंप चिकटून राहिला तर रबरी हातोडीनं बाजूनं ठोका. दोन पृष्ठांच्या मधे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. तिथे पडलेली एक खाच म्हणजे नव्या गळतीची जागा.

जुना पंप हातात आला की फेकू नका, आधी बघा. इम्पेलरच्या पात्यांवर तांबूस गाळ असेल तर गाडीत बराच काळ साधं पाणी फिरलंय. म्हणजे रेडिएटरही तसाच असेल आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत सिस्टिम धुतल्याशिवाय नवा पंप लावण्यात अर्थ नाही. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर पाण्यात बुडबुडे होऊन फुटत होते. झाकण दाब धरत नसेल, पातळी सतत कमी राहिली असेल किंवा कूलंट जुनं झालं असेल तर असं होतं. झाकण बदला. सील कोरडं पण बेअरिंग ढिलं असेल तर संशय बेल्टच्या ताणावर. एका ओळखीच्या माणसानं लागोपाठ दोन पंप घालवले. तो बेल्टची किंचाळी बंद करण्यासाठी दर वेळी ताण वाढवत होता. किंचाळत होता तो तेलानं माखलेला बेल्ट, आणि तेल येत होतं इंजिनाच्या शेजारच्या ऑइल सीलमधून. पंपाचा यात काहीच दोष नव्हता.

नवा पंप जुन्याच्या शेजारी ठेवून ताडून बघा: भोकांच्या जागा, दांड्याची उंची, पात्यांचा कल. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत बेल्ट पुलीच्या वेगवेगळ्या बाजूनं जात असेल तर पंप उलट दिशेनं फिरतो. तसा चुकीचा पंप जागेवर तंतोतंत बसतो आणि गाडी मात्र तापत राहते.

यानंतरचा तास सगळ्यात कंटाळवाणा असतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते: जागा साफ करणं. पाण्याच्या वाटेत कापडाचा बोळा खुपसा, म्हणजे कचरा आत जाणार नाही. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीनं हळूहळू खरवडा. ग्राइंडरवरची घासणारी चकती ॲल्युमिनियमला लावू नका. ती क्षणात खड्डा पाडते आणि तिची पूड इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचली तर वेगळाच खर्च काढते. शेवटी नख फिरवून बघा. नख अडकलं म्हणजे अजून काम बाकी आहे. मग तेलकटपणा पुसून टाका. बोल्टांची भोकंही कोरडी करा, तळाशी पाणी साचलेलं असेल तर बोल्ट पूर्ण बसत नाही.

गॅस्केट लावताना लोकांना वाटतं की सीलंट जेवढा जास्त तेवढं काम पक्कं. उलट आहे. खाचेत बसणारी रबरी रिंग असेल तर सीलंट अजिबात नको. रिंगला थोडं कूलंट लावा आणि बसवा. धातूचं, रबरी कडेचं गॅस्केट असेल तर तेही कोरडंच. कंपनीनं मुळात फक्त सीलंटवर बसवलेला पंप असेल तरच दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ काढा, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं, आणि ती सुकायला लागायच्या आत पंप बसवा. जास्त झालेला सीलंट अर्धा बाहेर येतो, तो तुम्हाला दिसतो. उरलेला अर्धा आत जातो, सुटून हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. पाणी भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. पूर्ण पक्का व्हायला साधारण २४ तास लागतात, म्हणून दोन मोकळे दिवस हवेत.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, मग समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतं. हे मनगटाच्या जोराएवढंच आहे, दंडाचा जोर लावायचा नाही. एखादा बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उघडत असेल तर त्याच्या आट्यांना सीलंट लागतो. काढताना ज्या बोल्टचं टोक ओलं आणि गंजलेलं होतं, तोच हा.

टायमिंग बेल्टवरच्या पंपाबद्दल. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आलटून पालटून येतात. बेल्टचे दोन-चार दात चुकले की ते एकमेकांवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या खुणा जुळवल्याशिवाय, आणि मॅन्युअल सांगत असेल तर लॉक करायची हत्यारं लावल्याशिवाय, बेल्टला हात लावू नका. बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि आयडलर पंपाबरोबरच बदला, कारण ते पुन्हा उघडायचं म्हणजे हेच सगळं काम परत. काही इंजिनांत पंपाचं बूडच मध्यापासून सरकवून बसवलेलं असतं आणि पंप फिरवून बेल्टचा ताण ठरवायचा असतो. तिथे पंप बसवणं आणि ताण देणं वेगळं करता येत नाही. शेवटी क्रँक पान्यानं, हातानं, चालण्याच्या दिशेनंच पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. कुठे घट्ट अडकल्यासारखं झालं तर तिथेच थांबा. स्टार्टर मारून बघू, हा विचार मनात आणू नका. पहिल्यांदा पाना धरत असाल तर असा पंप जाणकाराच्या शेजारी बसूनच करा.

आता पाणी. मी नवखा असताना नवा पंप बसवला आणि आवाज गेला का ते ऐकायला पाणी न भरताच इंजिन अर्धा मिनिट चालवलं. आवाज गेला होता. महिन्याभरात वीप होल टपटपायला लागलं. सील कोरडं घासलं होतं. तो पंप माझ्या हातून मेला. भरल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

कूलंट मॅन्युअलमधे लिहिलेल्या प्रकाराचंच घ्या. रंगावर जाऊ नका, रंगाला कुठलंही सर्वमान्य मानक नाही. दोन हिरवी कूलंटं एकमेकांची वैरी असू शकतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेल्या पाण्यात निम्मं-निम्मं करा. नळाच्या पाण्यातले क्षार सीलच्या चकत्यांवरच येऊन बसतात. कॉन्सन्ट्रेट नुसतं भरलं तर आणखी चांगलं, असं वाटत असेल तर तेही नाही. निम्मं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं, नुसता ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच. शिवाय पाण्याइतकी उष्णता तो वाहून नेत नाही. सिस्टिम साध्या पाण्यानं धुतली असेल तर ते सगळं बाहेर येत नाही, हे धरून हिशोब करा: एकूण मापाच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता, वर डिस्टिल्ड पाणी.

हवा काढणं हे दुसरं धीराचं काम. गाडीची भरण्याची बाजू उंच असेल अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि हळू भरा. मधून मधून होज दाबत राहा, गुळगुळ आवाज येऊन पातळी खाली जाईल. मग इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट बहुधा ८२ ते ९० अंशांदरम्यान उघडायला लागतो. खालचा होज एकदम गरम लागला की तो उघडला. झाकण कधी लावायचं, ते तुमच्या मॅन्युअलप्रमाणे. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी भरा. हेच दुसऱ्या दिवशी परत.

हीटरमधून थंड वारा येत असेल किंवा डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळत असेल तर आत हवा आहे. या काळात तापमानाच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत सापडला तर इंजिन तापलेलं असताना काटा निवांत बसलेला दिसतो. काटा उड्या मारायला लागला तर इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

गळती थांबवणारी पावडर टाकून चालेल का, असंही पुढे कधी मनात येईल. सील दांड्याबरोबर फिरतं, तिथे पावडरीचा थर टिकत नाही. तो जाऊन बसतो रेडिएटरच्या नळ्यांत. मी कधी टाकलेली नाही.

पहिला आठवडा रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी आणि वीप होल बघा. नव्या सीलच्या चकत्या एकमेकींना सरावेपर्यंत भोकाशी एखादा ओलसर डाग दिसू शकतो. पुसून टाका. दोन-तीन दिवसांत तो परत आला नाही तर ठीक. थेंब लोंबकळत असेल तर जुन्या पंपाबरोबर पुठ्ठाही अजून ठेवला असेल, तो बाहेर काढा, काम परत करायचं आहे.